हिरव्या रेक्झिनची खुर्ची

१

कपात किती चहा उरला आहे, हे बघणं टॅमझिन पेलोचं काम होतं. कपाचा कान कुठल्या बाजूला आहे, नटी ग्वेंडाच्या स्वेटरची वरून किती बटणं उघडी आहेत, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले आहेत, हेही. एका टेकमधून दुसऱ्या टेकमध्ये जाताना सगळ्या वस्तू जागच्या जागी राहाव्या लागतात. नाहीतर पडद्यावर रिकामा कप आपोआप भरतो आणि जिथे लोकांची छाती धडधडायला हवी तिथे हशा पिकतो. हा हशा पिकू न देण्याला कंटिन्युइटी म्हणतात. सिनेमाच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात बाहेर पडल्यावर टॅमझिनला मिळालेलं हे पहिलं मोठं काम. सिनेमाचं नाव 'थंड चहा'. एका विधवेला आपल्या घरात आणखी कोणीतरी आहे असं वाटू लागतं, एवढीच गोष्ट. भूत नाही, रक्त नाही. सगळं बाईच्या डोक्यात.

शूटिंग नॉरफोकच्या किनाऱ्यावर, मिसेस ओडींकडून भाड्याने घेतलेल्या त्यांच्याच राहत्या घरात चाललं होतं. गोष्ट रात्रीची आणि शूटिंग दिवसाचं, म्हणून स्वयंपाकघराच्या खिडक्यांना बाहेरून काळं कापड ठोकलेलं. बाहेर सकाळचे अकरा, सीगल पक्ष्यांची भांडणं. आत कायमची रात्र.

त्या रात्रीत सात माणसं आणि तीन बसायच्या जागा. एक कॅनव्हासची खुर्ची दिग्दर्शक डेस्मंड थ्रेलफॉल यांची. पाठीवर नाव छापलेलं, म्हणजे स्वतःचं नाव विसरले तर सापडावं. दुसरी आरामखुर्ची नायिका ग्वेंडाची, तिचा खुबा दुखायचा. तिसरी कॅमेरामन ह्यूची पेटी, वर रबरी चकती; त्याला मूळव्याध. तिघांची वयं मिळून दोनशे चार. तरुण मंडळींनी उभं राहायचं. सेटवर मांडलेल्या खुर्च्यांना तर हातही लावायचा नाही, तो नियमच.

पहिल्याच दिवशी सात तास उभं राहून टॅमझिनच्या पोटऱ्या दगड झाल्या. ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून मोठ्याने म्हणाली, "या घरात मला बसायला एक खुर्ची देणारं कोणी आहे का?"

"आमच्या वेळी," डेस्मंड मान न वळवता म्हणाले, "आम्ही चौदा तास उभे असायचो. तेही पावसात."

"तुमच्या वेळी डायनासोरही उभेच होते. काय झालं त्यांचं?"

साउंडवाला ओलूमिडे, सगळ्यांचा ओलू, हेडफोनच्या आत फिस्सकन हसला. बाकी कोणी उत्तर दिलं नाही. निदान तेव्हा तरी तिला तसं वाटलं.

२

सहाव्या दिवशी दुपारी चार वाजता मिसेस ओडींच्या पुढच्या खोलीत चहा झाला आणि टीव्हीवर त्या दिवसाचं शूटिंग बघायला सगळे बसले. म्हणजे बसणारे बसले.

सीन अठ्ठावन्न. ग्वेंडा टेबलाशी एकटीच चहा पितेय. मागे भिंतीला टेकून नवऱ्याची खुर्ची. हिरव्या रेक्झिनची गादी, एका कोपऱ्यात फाटलेली. स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं: ही खुर्ची सिनेमाभर भिंतीला असते, हिला कोणी हात लावत नाही.

"थांबवा," डेस्मंड म्हणाले.

खुर्ची भिंतीला नव्हती. भिंतीपासून चांगली तीन वीत पुढे आली होती. तिच्या चार पायांच्या जागा दाखवायला टॅमझिनने फरशीवर चिकटवलेले पिवळ्या टेपचे चार तुकडे मागे तसेच होते, रिकामे.

"हे काय?"

"मी टेकच्या आधी फोटो काढलाय." टॅमझिनने फोन पुढे केला. फोटोत खुर्ची भिंतीला, पाय टेपवर. "टेकनंतरही काढलाय. हा घ्या." तोही तसाच.

"मग मधल्या दोन मिनिटांत ती फिरायला गेली होती?"

"मला काय विचारता? कॅमेऱ्यातून ह्यू बघत होते."

"मी ग्वेंडाकडे बघत होतो," ह्यू दुखावल्या आवाजात म्हणाला. "सगळे ग्वेंडाकडेच बघत होते."

"थँक यू, डार्लिंग," ग्वेंडा म्हणाली.

डेस्मंडनी चष्मा काढून पुसला. राग आला की ते जाड भिंगांचा चष्मा पुसत, म्हणजे समोरचा माणूस दिसायचा बंद होई. "पोरी, कॉलेजात तुम्हाला सिनेमाबद्दल पुस्तकं वाचायला देतात. खुर्ची बघायला कोणी शिकवतं का?"

३

दुसऱ्या दिवशी टॅमझिनने ग्वेंडाकडे बघितलंच नाही. कपाचं काम तिने ओलूला कोपरखळी मारून दिलं आणि चार मिनिटं त्या खुर्चीकडे टक लावून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं. खुर्ची खुर्चीसारखी राहिली. फाटलेल्या कोपऱ्यातून पिवळा स्पंज दिसत होता, बस.

त्या टेकमध्ये खुर्ची भिंतीला होती. दुपारी डेस्मंड म्हणाले, "बघितलंस? लक्ष दिलं की जमतं." चूक आपली नव्हती आणि आता ती सुधारल्याचं श्रेयही म्हाताऱ्यालाच, हे टॅमझिनला असह्य झालं.

तिने तर्क लढवायला सुरुवात केली. फरशी उताराची आहे का? गोटी ठेवून बघितली. गोटी हलली नाही. समुद्राची भरती आली की घर हलतं का? भिंगाचा काही दोष? भिंगाच्या दोषाने टेबल का नाही सरकलं? कोणी चेष्टा करतंय? ह्यूला पेटीवरून उठायलाच दीड मिनिट लागे.

मिसेस ओडी ओट्याशी काकडीची सँडविचं कापत होत्या. टॅमझिनने सहज विचारावं तसं विचारलं, "मिसेस ओडी, ही खुर्ची कुणाची हो?"

"घराबरोबर आली."

"तुमचे मिस्टर बसायचे का तिच्यावर?"

"आर्थर? छे गं. तो मेला उभ्याउभ्याच जेवायचा. घाई असायची." त्यांनी सँडविचच्या कडा कापून टाकल्या. "तू का नाही बसत तिच्यावर? सारखी उभी असतेस ती."

"नियम आहे."

"मी कुठं म्हणतेय तुला बस म्हणून?" मिसेस ओडी म्हणाल्या. मग सुरी हातात तशीच धरून क्षणभर थांबल्या, जणू आपण मघाशी काय बोललो ते त्यांनाच आठवत नव्हतं. "मोहरी घालू का तुझ्या सँडविचमध्ये?"

४

अकराव्या दिवशी खुर्ची एक वीत पुढे. चौदाव्या दिवशी पाच वीत, म्हणजे थेट टेबलाच्या अंगाला. सोळाव्या दिवशी पुन्हा भिंतीला. काही ताळतंत्र नाही. आणि प्रत्येक वेळी टॅमझिनचे आधीचे-नंतरचे फोटो अगदी निर्दोष, त्यामुळे तिच्यावरचा संशय आणखी गडद.

"फोटो नंतर काढून ठेवते ती," ह्यू कुजबुजला. ह्यूची कुजबुज शेजारच्या गावात ऐकू जाई.

डेस्मंडनी तिला बाहेर अंगणात बोलावलं. तीन दिवसांनी शूटिंग संपणार होतं.

"पोरी, मी गेल्या तीस वर्षांत सिनेमा केलेला नाही. हा माझा शेवटचा. त्यात एक खुर्ची बेडकासारख्या उड्या मारतेय."

"मी हलवलेली नाही."

"शेवटच्या सीनमध्ये ती हलली, तर तुझं नाव पडद्यावर येणार नाही. आणि उद्या कोणी मला फोन करून विचारलं, ती पेलो कशी आहे कामाला, तर मी खोटं बोलणार नाही."

या धंद्यात कामं अशीच मिळतात आणि अशीच जातात: कोणीतरी कोणालातरी चहा पिताना विचारतं. टॅमझिनला हे ठाऊक होतं. तीन आठवडे उभं राहून, चारशे कप मोजून, शेवटी तिच्या नावापुढे एक उडी मारणारी खुर्ची लागणार होती.

"आणि माझी चूक नाही असं निघालं तर? माफी मागाल?"

डेस्मंड मनापासून हसले. "मी दोन बायकांची माफी मागितली नाही. लग्नाच्या."

५

मिसेस ओडींच्या इस्त्रीच्या टेबलावर टॅमझिनने पाच फोटो मांडले. खुर्ची ज्यात दिसत होती, त्या पाच सीनमधलं एकेक चित्र, छापून आणलेलं. ओलू काकडीचं सँडविच खात बघत होता.

"सहाव्या दिवशी तीन वीत," टॅमझिन म्हणाली. "सातव्याला शून्य. अकराव्याला एक. चौदाव्याला पाच. सोळाव्याला परत शून्य. वेड्यासारखं आहे. यात काही कंटिन्युइटीच नाही."

ओलूचा घास थांबला. "ही काही दिवसांच्या क्रमाने घडणारी गोष्ट नाही ना. आपण शेवट आधी शूट करतो, सुरुवात नंतर. सीनच्या क्रमाने लाव."

"त्याने काय होणार?"

"लाव तर."

तिने मागे लिहिलेले सीनचे आकडे बघून फोटो उचलले आणि पुन्हा मांडले. सीन चार: भिंतीला. सीन बारा: भिंतीला. सीन एकतीस: एक वीत. सीन अठ्ठावन्न: तीन वीत. सीन सत्याहत्तर: पाच वीत.

ओलूने सँडविच टेबलाच्या कडेला ठेवून दिलं. इस्त्रीच्या टेबलाचा पाय तेवढा कुरकुरला.

इतकं सुबक काम टॅमझिनने पूर्ण शूटिंगमध्ये पाहिलं नव्हतं. पुढचं काम आधी, मागचं काम नंतर, आणि तरी एका वितीचीही चूक नाही. आधी मोठं पाऊल टाकून ठेवायचं, मग मागे येऊन त्याच्या अलीकडचं छोटं पाऊल टाकायचं. आणि दर टेकनंतर मुकाट्याने आपल्या पहिल्या जागी परत. हे फक्त कामातल्या माणसाला जमतं.

"म्हणजे जो कोणी हे करतोय," ती हळूच म्हणाली, "त्याने स्क्रिप्ट वाचलीय."

"मग डेस्मंड नक्कीच नाहीत," ओलू म्हणाला.

दोघं हसले, पण जरा जास्तच वेळ. मग टॅमझिनने कागदावर स्वयंपाकघराचा नकाशा काढला. भिंत, टेबल, आणि खुर्चीच्या जागांचे ठिपके. ठिपके सरळ रेषेत, तिरके, टेबलाच्या एका अंगाने जाणारे. एकच सीन उरला होता, चौऱ्याण्णवावा, सिनेमाचा शेवट. पुढचा ठिपका सात वितींवर. तिने तिथे फुली मारली.

"ग्वेंडाकडे जातेय ती खुर्ची," ओलू म्हणाला.

"ग्वेंडा टेबलाच्या या बाजूला बसते. फुली त्या बाजूला आहे. तिथे कोणीच नसतं."

"मग बरं आहे की."

६

शेवटच्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन टॅमझिनने त्या जागी फरशीवर पिवळ्या टेपची फुली चिकटवली. विचार साधा होता. खुर्ची या फुलीवर आली तर डेस्मंडना म्हणायचं: मला आदल्या दिवशीच माहीत होतं, हा घ्या नकाशा. अपराधी माणूस आपल्या अपराधाचा नकाशा काढून वाटत नाही.

पण डेस्मंड तिच्याहून हुशार निघाले. म्हणजे त्यांना तसं वाटलं.

"कॅमेरा खुर्चीच्या बाजूला न्या," ते येताच म्हणाले. "भिंतीकडे पाठ करून लावा. खुर्ची कॅमेऱ्याच्या मागे गेली की चित्रात येणार कशी? मिटला प्रश्न. चाळीस वर्षांचा अनुभव आहे, पोरी."

सगळं सामान उलट्या बाजूला आलं. ह्यूची पेटी आली, चकती आली, दिव्याचे स्टँड आले. "जरा तिकडे हो," ह्यू म्हणाला. टॅमझिन सरकली. "माझ्या वायरवर उभी आहेस," ओलू म्हणाला. ती सरकली. "बाळा, तू माझ्या नजरेच्या रेषेत येतेस, मला रडू येत नाही," ग्वेंडा म्हणाली. ती पुन्हा सरकली. शेवटी ह्यूचा खांदा, दिव्याचा स्टँड आणि टेबलाचा कोपरा यांच्यामध्ये एक माणूस अंग चोरून मावेल एवढीच जागा उरली. ती तिथे उभी राहिली. डेस्मंड टेबलापलीकडे ग्वेंडाच्या शेजारी, चित्राच्या जरा बाहेर बसले. शेवटच्या सीनला नटीच्या जवळ बसायची त्यांची पद्धत होती. त्या दोघांचीच तोंडं भिंतीकडे. बाकी सगळ्यांच्या पाठी.

"बसायला काही मिळेल का?" टॅमझिनने सवयीने विचारलं.

"शेवटचा शॉट आहे. संपेल आता," डेस्मंड म्हणाले.

ग्वेंडाने कप उचलला, समोरच्या अंधाराकडे बघितलं आणि शेवटचं वाक्य म्हटलं: "घरात कोणी नाही. मी आहे ना, मग अजून कोण हवंय?" एका डोळ्यातून एकच थेंब, हनुवटीपर्यंत. चुकला असता तर पुन्हा नवा काढून दिला असता, अशी बाई.

"कट!" डेस्मंड ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टॅमझिनने लिहिलं: कप डाव्या हातात, चहा पाव, बटणं दोन उघडी.

खुर्ची कुठे आहे हे बघायला तिला मागे वळावं लागलं असतं. जागा नव्हती.

७

"कोणी हलू नका," ओलू म्हणाला. "रूम टोन घ्यायचाय. एक मिनिट."

प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि ती वेगळी ध्वनिमुद्रित करून ठेवावी लागते, म्हणजे नंतर संवादांमधल्या फटी तिने भरता येतात. त्या मिनिटात जो जिथे असेल तिथे थिजतो. नाक खाजलं तरी नाही. ह्यूने तर एकदा मधमाशीला तिचा डंख पूर्ण करू दिला होता.

ओलूने हात वर केला. खोली थांबली.

घड्याळाची टिकटिक आधीच बंद करून ठेवलेली. फ्रिज बंद. काळ्या कापडामागे दूर समुद्र, नसल्यासारखा. टॅमझिनने मान न हलवता नजर खाली सोडली, कारण दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं.

तिच्या दोन बुटांच्या मध्ये पिवळ्या टेपची फुली होती.

तिचं डोकं लगेच कामाला लागलं, तिला तशी सवय होती. योगायोग. सगळ्यांनी ढकलत आणलं. ह्यूने, ओलूने, ग्वेंडाने. कोणी मुद्दाम नाही. खोलीत मोकळी जागाच ही. टेबलाच्या या बाजूला कोणीच नसतं. कोणीच नसतं, असं काल तीच म्हणाली होती.

मागून आवाज आला नाही. आला असेल तर तो फार सभ्य होता. पायांखाली कापड लावलेलं लाकूड सरकावं, फरशीवरून हात फिरवावा, तसा.

तिने डेस्मंडकडे बघितलं. ते तिच्या खांद्यामागे बघत होते. चेहऱ्यावर दिग्दर्शकाचा कंटाळा होता, मग तो उरला नाही. त्यांची नजर हळूहळू खाली येऊ लागली. खांद्यावरून कंबरेवर, कंबरेवरून गुडघ्यांवर. जवळ येणाऱ्या वस्तूबरोबर येते तशी. शेजारी ग्वेंडाने डोळे मिटून घेतले होते आणि या वेळी तिचे दोन्ही डोळे वाहत होते.

गुडघ्यांच्या मागे, पँटच्या कापडातून, टॅमझिनला काहीतरी थंड टेकलं. गुळगुळीत. एका कोपऱ्यात फाटलेलं.

"थँक यू," ओलू म्हणाला आणि हात खाली केला. मग कपाळाला आठ्या घातल्या. "नाही चालणार. काहीतरी घासलं. कोण हललं?"



"माझं चुकलं," डेस्मंड म्हणाले.

"तुम्ही हललात?"

"नाही." त्यांचा आवाज एखाद्या शाळकरी मुलाचा असावा तसा झाला होता. "टॅमझिन. माझं चुकलं. मी तुला उगाच बोललो. तुझं नाव येईल पडद्यावर. मोठ्या अक्षरांत येईल."

दोन आठवडे तिला हेच हवं होतं. पण दोन बायकांची माफी न मागितलेला म्हातारा आपली माफी मागतोय, हे ऐकून तिच्या अंगावर जो काटा आला, तो खुर्चीनेही आला नव्हता.

"आणि पोरी," ते ओठ फार न हलवता म्हणाले, "खाली बसू नकोस."

८

"काय चाललंय तुमचं?" ओलू हेडफोन सारखे करत पुटपुटला. त्याचं सगळं लक्ष यंत्रावरच्या सुईकडे होतं. "पुन्हा घ्यायचं. सगळे होतात तिथेच. एक मिनिट, प्लीज. एक मिनिट जमत नाही का?"

त्याने हात वर केला.

वळून बघायचं की नाही याचा टॅमझिनने विचार केला आणि नाही असं ठरवलं. पुढे ह्यू, एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला टेबल. डेस्मंडच्या चष्म्याच्या जाड भिंगांत ती स्वतः दोनदा दिसत होती, बोटाएवढी, वही छातीशी धरलेली. तिच्या मागे खुर्चीची पाठ. त्या पाठीवर, वरच्या लाकडावर, दोन्ही बाजूंनी धरलेली चार-चार बोटं. खुर्ची मागे ओढून पाहुण्याला बसवताना माणूस धरतो तशी.

बोटांच्या वर काय होतं, तिथे भिंगाची कड आली होती.

आजवर टॅमझिनने कुठल्याही वडीलधाऱ्याचं काही मुकाट ऐकलं नव्हतं. आईचं नाही, प्राध्यापकांचं नाही. आज तिने ऐकायचं ठरवलं. पण एकोणीस दिवस उभं राहिलेल्या तिच्या पोटऱ्या तिच्या नव्हत्या. त्या थरथरू लागल्या होत्या, आणि गादीची थंड कड गुडघ्यांना हळूच, अगदी आदराने, पुढे ढकलत होती.

ओलूच्या घड्याळात सतरा सेकंद झाले होते. या घरात तिला इतका आग्रह कोणीच केला नव्हता.